आधी कविता, मग चाल, मग गाणं: केल्टिक लोकसंगीत ऐकायला लागताना

यूट्यूबवर 'केल्टिक म्युझिक' एवढंच टाकलं तर काय येतं ते आधी सांगते. धुक्यातला किल्ला, हिरवा डोंगर, घोड्यावरची केस मोकळे सोडलेली बाई, आणि खाली 'मन शांत करणारं संगीत, तीन तास'. मीही तिथूनच सुरुवात केली. बँकेतून निवृत्त झाल्यावर दुपारी विणकाम करताना ते लावून ठेवायचे. सहा महिने ऐकलं आणि त्यातलं एक गाणं दुसऱ्यापासून वेगळं ओळखता येत नव्हतं. लेक डब्लिनला नोकरीला आहे. तिने फोनवर विचारलं, "आई, त्यातलं आवडलं काय?" मला नाव घेता येईना.

मग तिने एक कविता पाठवली. दोन कडवी, मिळून आठच ओळी, शाळेतल्या इंग्रजीने कळावी इतकी सोपी. "ही आधी वाच, मोठ्याने. गाणं उद्या पाठवते." ही पद्धत मला लागू पडली. पुढे मी स्वतः तिला आणखी एक पायरी जोडली. हा लेख त्या पद्धतीबद्दल आहे. सामान फार लागत नाही: फोन, बरे हेडफोन, एक वही, आणि आठवड्याला एकच गाणं ऐकायची तयारी. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड.

'केल्टिक' या शब्दाचं काय करायचं

फार काही नाही. आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, कॉर्नवॉल, आइल ऑफ मॅन आणि फ्रान्समधला ब्रिटनी, या सहा प्रदेशांना मिळून केल्टिक म्हणतात, कारण तिथल्या जुन्या भाषा एका कुळातल्या आहेत. ब्रिटनीतल्या लोरियांला 1971 पासून या सगळ्यांचा मोठा महोत्सव भरतो. पण संगीत एकच आहे असं समजू नका. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातला फिडलवाला, म्हणजे व्हायोलिनवाला, स्वतःच्या वाजवण्याला केल्टिक म्हणत नाही, 'ट्रॅड' म्हणजे पारंपरिक म्हणतो. 'केल्टिक' ही पाटी मुख्यतः दुकानातल्या फळीवरची. शोधताना उपयोगी पडते, तेवढ्यापुरती वापरावी. या लेखात मी आयर्लंड-स्कॉटलंडपुरतंच बोलणार आहे, आणि त्या परंपरेवर वाढलेल्या एका कॅनडाच्या बाईंबद्दल.

पायरी पहिली: एक कविता, आठ दिवस

लेकीने पाठवलेली कविता होती आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्सची 'डाउन बाय द सॅली गार्डन्स'. सॅली म्हणजे विलोचं झाड. नदीकाठच्या विलोंच्या बागेत ती भेटते, प्रेम सहजपणे घे म्हणते, तो तरुण आणि मूर्ख असतो, ऐकत नाही, आता रडतोय. गोष्ट एवढीच.

कविता छापली गेली 1889 साली, आणि येट्सने तिच्याखाली टीप दिली की हे एका जुन्या गाण्याची पुनर्रचना करायचा प्रयत्न आहे. स्लायगो परगण्यातल्या बॅलिसोडेर गावातली एक म्हातारी शेतकरीण ते गाणं स्वतःशीच गुणगुणायची, आणि तिला त्यातल्या तीनच ओळी, त्याही अर्धवट, आठवत होत्या. म्हणजे आपण ज्याला 'येट्सची कविता' म्हणतो तिचं मूळ कुणा अनाम बाईच्या तोंडी आहे. पुढे 1909 मध्ये हर्बर्ट ह्यूज या संगीतकाराने त्या ओळी 'द मेड्स ऑफ मोर्न शोअर' नावाच्या जुन्या चालीवर बसवल्या. लोकगीतातून कविता झाली होती, ती परत गाण्यात गेली. येट्सला स्वतःला सुरांचा कान नव्हता म्हणतात. त्याला लय मात्र पक्की कळत होती, ते मोठ्याने वाचल्यावर समजतं.

आता करायचं असं.

पहिले दोन दिवस फक्त कविता. रोज दोनदा, मोठ्याने, घरात कुणी नसताना. अडलेला शब्द वहीत लिहायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फक्त चाल: त्याच नावाने फिडलवर, हार्पवर किंवा व्हिसल या छोट्या बासरीवर वाजवलेलं, आवाज नसलेलं ध्वनिमुद्रण शोधायचं. चालीबरोबर मनातल्या मनात ओळी म्हणून बघायच्या. कुठे जमतात, कुठे अडखळतात? माझ्याकडे पेटी आहे म्हणून मी पहिली ओळ काढून पाहिली, तर त्यात सा रे ग प ध एवढेच सूर निघाले. भूपाचे! विणकाम बाजूला ठेवून मी ती ओळ चार-पाच वेळा वाजवली.

पाचव्या दिवशी गाणं. दोन वेगवेगळे गायक घ्या, एक साथीशिवाय गाणारा मिळाला तर उत्तम. 'तरुण आणि मूर्ख' या शब्दांवर प्रत्येक जण किती थांबतो ते बघा. कुणी त्यावर हसल्यासारखं गातो, कुणी पश्चात्तापाने, कुणी नुसतं सांगून पुढे जातो. मला हा तिसरा प्रकार जास्त लागतो.

हे घाईच्या माणसांचं काम नव्हे. घाई असेल तर तीन तासांचा किल्ला आहेच.

पायरी दुसरी: चाल कुणाची, शब्द कुणाचे, हे विचारायची सवय

मराठी माणसाला इथे एक सोय आहे. जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडा. पदाच्या डोक्यावर 'चाल: अमुक' असं छापलेलं असतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 च्या 'शाकुंतला'त लोकांच्या ओळखीच्या चालींवर पदं बांधली, तेव्हा कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही. भावगीताची गोष्ट उलट: कविता आधी असते, संगीतकार तिच्यासाठी नवी चाल करतो. आपले कान गेली ऐंशी वर्षं भावगीताला सरावलेत, म्हणून आपण धरून चालतो की चाल त्या शब्दांसाठीच जन्मली. आयरिश-स्कॉटिश गाण्यांत बहुतेकदा तसं नसतं. चाल दोनशे-तीनशे वर्षं फिरत असते आणि शब्द तिच्याकडे नंतर राहायला येतात. त्यांच्याआधीचे भाडेकरू कोण होते हे विचारलं की गंमत सुरू होते.

स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सचंच घ्या. 1759 ते 1796, आयुष्य जेमतेम 37 वर्षांचं, घरची शेती. 'स्कॉट्स म्युझिकल म्युझियम' या सहा खंडांच्या गीतसंग्रहासाठी त्याने चाली आणि तुटकी गाणी गोळा केली, गाळलेल्या जागा भरल्या, कुठे सगळंच नवं लिहिलं. एका पत्रात त्याने म्हटलंय की चाल आपल्या गळ्यात पूर्ण बसल्याशिवाय मला तिच्यावर लिहिता येत नाही. 'ऑल्ड लँग साइन' त्याने 1788 मध्ये पाठवलं ते 'एका म्हाताऱ्याच्या तोंडून उतरवून घेतलं' असं सांगून. जग 31 डिसेंबरच्या रात्री ज्या चालीवर ते गातं, ती मात्र पहिल्या छपाईतली नाहीच. ती 1799 मध्ये दुसऱ्या एका संग्रहात त्या शब्दांना जोडली गेली. तीही पाच सुरांची, सा रे ग प ध. रवींद्रनाथांनी तीच चाल उचलून बंगालीत 'पुरानो शेई दिनेर कथा' केलं.

'डॅनी बॉय'चे शब्द तर एका इंग्रज बॅरिस्टरचे, फ्रेडरिक वेदर्लीचे. 1910 मध्ये लिहिले तेव्हा ती चाल त्याला माहीतही नव्हती. 1912 मध्ये अमेरिकेतल्या वहिनीने चाल पाठवली, त्याने शब्द थोडे खालीवर केले आणि 1913 मध्ये गाणं छापलं. चाल त्याआधी जेन रॉस या बाईंनी लिमावडी गावात ऐकून उतरवली होती आणि 1855 साली ती शब्दांविना छापली गेली होती.

आणि 'रॅग्लन रोड'. आयरिश कवी पॅट्रिक कॅव्हनाची कविता, 1946 मध्ये वर्तमानपत्रात आली ती वेगळ्याच नावाने. चाल 'द डॉनिंग ऑफ द डे', म्हणजे पहाट होताना, हे जुनं आयरिश गाणं. कॅव्हनाने ती कविता डब्लिनच्या 'द बेली' या पबमध्ये गायक ल्यूक केलीच्या हवाली केली, असं ल्यूक केली स्वतः सांगायचा. केलीचं गाणं ऐका, पण आधी मूळ आयरिश गाणं ऐका. त्यातही पहाटे वाटेवर एक मुलगी भेटते आणि झिडकारते. कॅव्हनाला ती चाल का आठवली असेल ते मग सांगावं लागत नाही.

वहीत प्रत्येक गाण्यासाठी तीन रकाने आखा: शब्द कुणाचे, चाल कोणती, दोघांची सोयरीक कधी आणि कुणी जुळवली. कधी एखादा रकाना कोरा राहील. राहू दे.

याच पायरीवर करायचा एक खेळ. इंग्रजी बॅलडचं, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या लोकगीताचं, नेहमीचं कडवं चार ओळींचं: आठ अक्षरं, सहा, आठ, सहा. आपल्याकडे दिंडी किंवा साकीत लिहिलेलं काहीही त्या ठरलेल्या चालीवर म्हणता येतं, तसंच हे. बर्न्सची 'अ रेड, रेड रोझ' घ्या आणि 'ऑल्ड लँग साइन'च्या चालीवर म्हणा. बसते. आता ऐका, तीच कविता केवढी समारंभी वाटायला लागते. चाल शब्दांचं काय करते हे लेख वाचून कळत नाही, असं करून कळतं.

पायरी तिसरी: लांब गोष्टीचं गाणं

दोन-तीन लहान गाणी झाली की मोठं एक. इथे त्या कॅनडाच्या बाई येतात: लोरिना मॅकेनिट, जन्म 1957, मॅनिटोबातल्या मॉर्डन गावच्या, नंतर ओंटारिओतल्या स्ट्रॅटफर्डला स्थायिक. रस्त्यावर हार्प वाजवायच्या, स्वतःच्या कॅसेट स्वतः विकायच्या, पुढे कंपनीही स्वतःचीच काढली. 1985 च्या पहिल्याच अल्बममध्ये येट्सची 'द स्टोलन चाइल्ड' आहे, पऱ्या माणसाच्या पोराला भुलवून नेतात ती. 1991 च्या 'द व्हिजिट'मध्ये इंग्रज कवी टेनिसनची 'द लेडी ऑफ शलॉट', 1997 च्या 'द बुक ऑफ सीक्रेट्स'मध्ये आल्फ्रेड नॉइजची 'द हायवेमन'. शुद्ध परंपरावाले त्यांच्या संगीतात अरबी-तुर्की रंग मिसळतो म्हणून नाक मुरडतात. मुरडू देत. कविता ऐकायला शिकवणारी इतकी चांगली शिक्षिका नवख्या माणसाला दुसरी मिळणार नाही.

'लेडी ऑफ शलॉट' साडेअकरा मिनिटांच्या आसपास चालते. टेनिसनने ती 1832 मध्ये छापली आणि दहा वर्षांनी बरीच बदलली. आज वाचतात ती 1842 ची, 19 कडव्यांची. नदीतल्या बेटावर एक बाई कोंडलेली. ती हातमागावर विणते आणि बाहेरचं जग फक्त आरशात बघते. खिडकीतून थेट कॅमेलॉटकडे, म्हणजे राजा आर्थरच्या राजधानीकडे, पाहिलं तर शाप. एक दिवस राजाचा सरदार लॅन्सलॉट घोड्यावरून गात जातो आणि ती पाहते. आरसा तडकतो. ती नावेत जाऊन पडते, गात गात वाहत जाते, आणि गाव येण्याआधी मरते.

कविता कागदावर छापून घ्या. फोनवर वाचून हे जमत नाही, सांगून ठेवते. प्रत्येक कडव्याची पाचवी ओळ बहुतेक 'कॅमेलॉट'वर संपते आणि नववी 'शलॉट'वर. त्या दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा. मग गाणं लावा आणि कागदावर बोट ठेवून चला. मॅकेनिटनी काही कडवी गाळली आहेत, ती कोणती याची खूण करा. गाळलेल्या कडव्यांत काय होतं आणि त्यावाचून गोष्ट कुठे वेगाने पळते, यावर विचार करायला एक अख्खा रविवार जातो.

चाल एकच आहे, दर कडव्याला तीच फिरून येते. आपल्या कानाला चौथ्या कडव्यापर्यंत ते खटकतं. आपल्याला अंतरा हवा असतो. धीर धरा. चाल बदलत नाही म्हणूनच आरसा तडकतो तेव्हा धक्का बसतो: एवढं झालं, आणि गाणारी तशीच पुढे चाललीये. पोवाड्याची सवय असलेल्याने हे विशेष लक्षात घ्यावं. शाहीर लढाईच्या जागी आवाज चढवतो, जी जी रं ची साथ येते, आपल्याला कळतं की आता पेटलं. बॅलड तसं करत नाही. खून, बुडणं, फसवणूक, सगळं एकाच थंड आवाजात. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या अमेरिकन प्राध्यापकाने 1882 ते 1898 या काळात अशी 305 बॅलड पाठभेदांसह छापली, आणि ती क्रमांकांनीच ओळखली जातात. 'चाइल्ड 2' म्हणजे ज्या गाण्यातून पुढे 'स्कारबरो फेअर' निघालं ते.

पायरी चौथी: पेटी असेल तर

पेटी, तानपुरा किंवा फोनवरचं तानपुऱ्याचं अ‍ॅप, काहीही चालेल. नसेल तर पुढच्या पायरीवर जा.

या संगीतात चार सप्तकं पुन्हापुन्हा भेटतात आणि चारही आपल्या ओळखीची: बिलावल, खमाज, काफी, आसावरी. त्यांची नावं तिकडे ग्रीक वळणाची आहेत, ती नंतर शिकता येतील. 'शी मूव्ह्ड थ्रू द फेअर' ऐका, पॅड्रिक कॉलमचे शब्द आणि हर्बर्ट ह्यूजने मिळवलेली जुनी चाल, हीही 1909 चीच. कोमल निषाद लागला की मान हलेल: खमाजाचे सूर. 'स्कारबरो फेअर'मध्ये गांधार-निषाद कोमल आणि धैवत शुद्ध, म्हणजे काफी.

पण थाट जुळला म्हणून राग जुळला असं नाही. ही चूक मी वर्षभर केली आणि पाहुण्यांनाही ऐकवली. सूर तेच, चलन वेगळं. खमाजाची जी लाडिक वळणं आपल्या कानात बसलीत ती तिथे शोधायला गेलात तर गाणं हातातून सुटेल. चाल कुठल्या सुरावर विसावते तेवढं बघा. मागे तानपुरा सोडून ऐका, बऱ्याच जुन्या चालींना तो चालतो, कारण त्या पाइपांच्या अखंड षड्जाबरोबरच वाढल्या आहेत.

पाइप म्हटलं की आपल्याला प्रजासत्ताक दिनानंतरचं बीटिंग रिट्रीट आठवतं. ते स्कॉटिश हायलँड पाइप, तोंडाने फुंकायचे, मैदानावर वाजवायचे. आयरिश इलन पाइप वेगळे. वादक बसलेला असतो, उजव्या कोपराखाली पट्ट्याने बांधलेला छोटा भाता, डाव्या काखेत पिशवी. तोंडाचा संबंधच नाही. दोन सप्तकं मिळतात, तीन पुंगळ्या सतत एकच सूर धरतात, आणि मनगटाने दाबायच्या किल्ल्यांवर अधूनमधून सुरांचे गुच्छ सोडता येतात. दोन हात, दोन कोपरं आणि एक मनगट, सगळ्यांना काम. 2017 मध्ये युनेस्कोने या वादनपरंपरेला मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. प्रत्यक्ष पाहिल्यावर मला पहिल्यांदा आठवली ती पेटीवाल्याची तारांबळ: एका हाताने भाता, दुसऱ्याने गाणं.

पायरी पाचवी: ताल, थोडक्यात

नाचाच्या चालींत जिग सहा मात्रांची, तीन-तीनचे दोन भाग: दादऱ्यावर हात धरा. रील आठांत पळते, केरव्याची जलद लय समजा. स्लिप जिग नऊची, ती सुरुवातीला निसटते. नाचाच्या चालीचे साधारण दोन भाग, प्रत्येक आठ मापांचा, प्रत्येक दोनदा. अशी पूर्ण चाल दोन-तीनदा वाजवून न थांबता पुढच्या चालीत उडी. ती उडी पकडता आली की कान तयार होतोय असं समजा.

आणि 'स्लो एअर', म्हणजे गाण्याचीच चाल वाद्यावर, तालाशिवाय. जुने वादक शिकवताना बजावतात की ज्या गाण्याचे शब्द येत नाहीत त्याची एअर वाजवू नका. श्वास कुठे घ्यायचा ते शब्दच सांगतात. म्हणजे पहिल्या पायरीवर तुम्ही कविता मोठ्याने वाचलीत, ते फुकट गेलेलं नाही.

पायरी सहावी: न कळणाऱ्या भाषेतलं

आतापर्यंतचं सगळं इंग्रजीत होतं. त्याच्याखाली आयरिश आणि स्कॉटिश गेलिक भाषेतला थर आहे, तो मुळातला. आयरिशमध्ये साथीशिवाय गायच्या जुन्या पद्धतीला 'शॅन-नोस' म्हणतात, शब्दशः 'जुनी रीत'. कॉनेमारा, डोनेगल, मुन्स्टर, प्रत्येकाची ढब वेगळी. कॉनेमाराचा गायक सुराभोवती इतकी बारीक नक्षी काढतो की आपल्याला मुरकी-खटका आठवावा. अर्थ आधी वाचून ठेवा, मग डोळे मिटून ऐका. ऐकणारे मध्येच दाद देतात. 'मो ह्योल हू' म्हणतात, म्हणजे 'तू माझं संगीत आहेस'. 'क्या बात है'ला याहून गोड पर्याय मी ऐकलेला नाही.

स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या बेटांवर बायकांची कामाची गाणी आहेत. विणलेलं लोकरी कापड ओलं करून, लांब फळीभोवती बसून, सगळ्या मिळून ते आपटायच्या, घट्ट व्हावं म्हणून. एक ओळ एकीने म्हणायची, पालुपद सगळ्यांनी. त्या पालुपदातल्या बऱ्याच अक्षरांना अर्थच नाही, ती हाताच्या लयीसाठी आहेत. कॅपरकेली या गटाने 1992 मध्ये असंच एक गाणं, 'कोशिख अ रून', आधुनिक साथीसह गायलं आणि ते ब्रिटनच्या पहिल्या चाळीसांत गेलं. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना या गाण्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी पुण्यातून काम करत लाखभर ओव्या जमवल्या. त्यांतल्या चार आणि बेटांवरची चार एका बैठकीत ऐका. दळणाची लय गोल आहे, कापडाची आपटणारी.

एक आडवळण. येट्सच्या नावाशी एक वऱ्हाडी माणूस जोडलेला आहे हे मला फार उशिरा कळलं. बडनेऱ्याचे श्री पुरोहित स्वामी. 1932 मध्ये त्यांच्या आत्मकथनाला येट्सने प्रस्तावना लिहिली आणि 1937 मध्ये दोघांनी मिळून दहा उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं. म्हातारीच्या तीन ओळींपासून निघालेला कवी उतारवयात मराठी घरातल्या माणसाबरोबर उपनिषदं करत बसला होता. याचा गाण्याशी संबंध नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पायरी सातवी: हातात काही घ्यायचं असेल तर

टिन व्हिसल घ्या, 'डी' पट्टीची. चांगल्या बासरीपेक्षा स्वस्त पडते. सहा भोकं, सगळी झाकली की पांढरी दोन. बासरी येत असेल तर दोन गोष्टी सांभाळा. बासरीचा सा तीन भोकं झाकून येतो, इथे बऱ्याच चालींचा आधारसूर सहाही झाकून आहे. पांढरी पाचच्या चाली काढल्यात तर बोटं जुन्या सवयीने चालतील, फक्त शुद्ध मध्यम अर्धं भोक उघडून काढायचा नाही. पहिलं मोकळं सोडून दुसरं-तिसरं झाकायचं. वरचं सप्तक कर्कश लागतं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, मी नव्हतं सांगितलं.

पुस्तकाआधी कान. एकच सोपी चाल, रोज पंधरा मिनिटं. 'द सेशन' नावाच्या संकेतस्थळावर हजारो चाली अक्षरी स्वरलेखनात फुकट मिळतात, आपल्या सारेगम लिहिण्याच्या सवयीला ते लगेच जमतं. डब्लिनचं पारंपरिक संगीताचं अभिलेखागार, 1987 मध्ये सुरू झालेलं, जुनी ध्वनिमुद्रणं घरबसल्या ऐकवतं.

आयर्लंडला जाणं झालं तर सेशनला जा. सेशन म्हणजे पबच्या कोपऱ्यात टेबलाभोवती बसून वाजवणं. व्यासपीठ नाही, निवेदन नाही, चालीचं नाव कुणी सांगत नाही. मधल्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या तरी त्या वादकांच्या, तिथे बसू नका. फर्माईश करू नका. चाल येत नसेल तर वाजवू नका, आणि बाउरान, म्हणजे त्यांचं डफासारखं चामड्याचं वाद्य, कुणी दिलं तरी नम्रपणे नको म्हणा. एका टेबलाला एक पुरतं. कुणी गायला लागलं की ग्लास खाली ठेवून गप्प बसायचं, मोबाइल खिशात.

आम्ही क्लेअर परगण्यातल्या एनिसला गेलो होतो, लेक, जावई आणि मी. तास-दीड तास नुसत्या रील चालल्या होत्या. मग कोपऱ्यातल्या एका आजोबांनी डोळे मिटून आयरिशमध्ये सुरुवात केली आणि पब एकदम शांत. शेजारच्या बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि गाण्याच्या लयीत तो हळूहळू गोल फिरवत राहिल्या, दळल्यासारखा. हीही तिथली जुनी पद्धत. शेवटची ओळ मात्र आजोबांनी गायलीच नाही, शेवटचे शब्द साध्या आवाजात बोलून टाकले, जणू गोष्ट संपली, आता घरी जा. तेही रीतीतलंच, पण मला माहीत नव्हतं. मी पुढच्या सुराची वाट बघत राहिले.

मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, तुमच्याकडचं एखादं? ही वेळ येते. परक्या माणसाला गाणं विचारणं हा तिथला पाहुणचार आहे, आणि नाही म्हणणं बरं दिसत नाही. म्हणून घरून निघतानाच एक गाणं तयार ठेवा: लहान, साथीशिवाय जमणारं, आणि लोकांना धरता येईल असं पालुपद असलेलं. मी ठेवलं नव्हतं. बत्तीस वर्षं पेटी वाजवणाऱ्या बाईला त्या क्षणी एकही भावगीत आठवेना. लेक कुजबुजली, "आई, काहीही म्हण." तोंडातून निघालं ते 'सुखकर्ता दुखहर्ता'. जावई ग्लासात बघत राहिला. पहिल्या 'जय देव जय देव'ला सगळे नुसते ऐकत होते. दुसऱ्याला बाउरानवाल्याने काठी उचलली होती.